जुन्या गाडीचा खडखडाट: कुठून येतो ते नंतर, कधी येतो ते आधी

पावसाळा सरत आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या रांगेत लागतात. घोडबंदर रोडचे सेवारस्ते, शिळफाटा, तुर्भ्यात एपीएमसीच्या घाऊक बाजाराच्या आजूबाजूचे ट्रकांनी दाबून टाकलेले पट्टे. चार महिने यातून गेलेली आठ-दहा वर्षांची गाडी ऑक्टोबरात काही ना काही बोलायला लागतेच. मालक सांगतो, ‘पुढून डावीकडून आवाज येतो.’ मेकॅनिक एक चक्कर मारतो, एक भाग बदलतो, बिल होतं आणि दुसऱ्या दिवशी माजिवड्याच्या सिग्नलपर्यंत पोचायच्या आत आवाज पुन्हा हजर.

यात मेकॅनिक लबाड असतोच असं नाही. त्याला चुकीचा पत्ता मिळालेला असतो. आवाज कुठून येतो हे गाडीत बसून खात्रीने सांगता येत नाही. तो कधी येतो हे मात्र कोणालाही सांगता येतं, आणि निदानासाठी तेच जास्त उपयोगी पडतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतरही फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे एमएच-०४ आणि एमएच-४३ पाट्यांच्या जुन्या गाड्या अजून बराच काळ आपल्या दारात असणार आहेत. त्यांच्या आवाजांचा हिशेब एकदा समजून घेतलेला बरा.

कान का फसतो

हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पोलादातून तो सुमारे ५ किलोमीटर जातो. गाडीची बॉडी म्हणजे वेल्डिंग करून एकसंध केलेला पोलादी सांगाडा. पुढच्या चाकाजवळ काही आपटलं की तो धक्का सांगाड्यातून पसरतो आणि जिथला पत्रा किंवा प्लास्टिक सहज थरथरतं तिथून आवाज होऊन बाहेर पडतो. आवाजाची दिशा आपण मुख्यतः दोन कानांवर तो किती अंतराने पोचला यावरून ओळखतो, आणि हे अंतर एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी असतं. बंद काचांच्या केबिनमध्ये आवाज चारी बाजूंनी परततो, त्यामुळे तो हिशेबही बिघडतो. म्हणूनच चाकाजवळचा लिंक रॉड नावाचा छोटा दांडा पायाखाली वाजतो आणि मागची सैल नंबर प्लेट छतात वाजल्यासारखी वाटते.

घासणं, आपटणं आणि घुमणं

गाडीतल्या बहुतेक आवाजांची मुळं तीनच. पहिलं घासणं. लाकडी स्टूल फरशीवरून ओढताना जे कर्रकर्र होतं तेच इथे होतं: दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. तांत्रिक भाषेत याला स्टिक-स्लिप म्हणतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की कुईकुई, चूंचूं ऐकू येते.

दुसरं आपटणं. दोन भागांत फट पडलेली असते आणि खड्ड्यात ते एकमेकांवर आदळतात: खडखड, ठकठक, टिकटिक. तिसरं घुमणं. एखादा पातळ पत्रा इंजिनच्या ठरावीक वेगालाच थरथरतो आणि ॲक्सिलरेटर जरा कमी-जास्त केला की गप्प होतो.

हा फरक पैशाचा आहे. घासण्यावर इलाज म्हणजे मध्ये कापड, फेल्ट किंवा योग्य ग्रीस घालणं. आपटण्यावर इलाज म्हणजे फट भरणं किंवा भाग घट्ट बसवणं. आपटणाऱ्या भागावर कितीही ग्रीस लावा, काही होत नाही. आणि घासणारा भाग आणखी आवळला तर कुईकुई वाढूही शकते.

जुन्याच गाडीत का

रबर उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होतं, भेगाळतं. प्लास्टिकच्या क्लिप ठिसूळ होतात. कोणीतरी म्युझिक सिस्टिम बसवताना डॅशबोर्ड उघडलेला असतो आणि आठपैकी पाचच क्लिप परत लागलेल्या असतात (हे इतकं सर्रास आहे की नवी सिस्टिम बसवल्यानंतर सुरू झालेल्या आवाजाला दुसरं कारण शोधतच बसू नये). खाडीकाठच्या दमट, खारट हवेत खालचे बोल्ट आणि पत्र्याचे ब्रॅकेट गंजतात, भोकं मोठी होतात.

त्यात तापमान. प्लास्टिक पोलादापेक्षा कैक पटींनी जास्त प्रसरण पावतं. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर मीटरभर लांबीचं पोलाद साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं. डॅशबोर्डाच्या प्लास्टिकचा तेवढाच तुकडा तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हे दोन्ही एकमेकांना स्क्रूने बांधलेले असतात. सोसायटीच्या आवारात दुपारभर उन्हात तापलेली गाडी काढून एसी पूर्ण सोडला की पहिली पंधरा-वीस मिनिटं डॅशबोर्ड कुरकुरतो आणि मग गप्प होतो, त्याचं कारण हेच.

आधी गाडी रिकामी करा

हे सांगितलं की लोक हसतात, पण पुष्कळ ‘सस्पेन्शनचे’, म्हणजे चाकं आणि बॉडीमधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीचे, आवाज इथेच संपतात. दारांचे कप्पे, ग्लोव्ह बॉक्स, चष्म्याचा कप्पा, सीटखालची बाटली, छत्री, डॅशबोर्डवरचा गणपती, सुटी नाणी: सगळं बाहेर. डिकीतून स्टेपनी, जॅक, पाने आणि पार्सल ट्रेही काढा. मागचे सीट बेल्ट लावून ठेवा, कारण बेल्टची लोखंडी जीभ खांबाच्या प्लास्टिकवर टिचकत राहते. मागच्या सीटची पाठ कुलपात नीट बसली आहे का ते खेचून बघा. दुमडणाऱ्या पाठीचं कुलूप हा जुन्या हॅचबॅकचा हमखास आवाज. मग नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. आवाज गेला असेल तर वस्तू एकेक करून परत ठेवत जा.

गाडीच्या मागे आवाज असेल तर नंबर प्लेटही तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, लावावी लागते. ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते आणि जुन्या गाडीच्या फुगीर डिकीवर सपाट बसतेच असं नाही. डिकी आपटताना झणझणाट झाला तर दोषी तीच. तिची लॉक न तोडता निघत नाहीत, म्हणून काढायच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फोम टेपचे बोटभर तुकडे कडेने आत सरकवा, चारही कोपऱ्यांत. टेप चिकटवण्याआधी पाटीची मागची बाजू पुसून कोरडी करा. धुळीवर लावलेला टेप दुसऱ्या पावसात निघून येतो.

कुठला रस्ता काय सांगतो

गाडी रिकामी करूनही आवाज राहिला की तपासणी सुरू. सकाळी सहा-साडेसहाला, रहदारी नसताना, दोघांनी निघा: एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून फक्त ऐकायचं. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा आधी बंद आणि मग उघड्या.

पाम बीच रोडसारखा त्यातल्या त्यात गुळगुळीत डांबरी रस्ता पहिला घ्या. तिथे सस्पेन्शन फारसं हलत नाही. मग ऐकू येणारा आवाज वाऱ्याचा, दारांच्या रबराचा, टायरचा किंवा व्हील बेअरिंगचा. वेगाबरोबर वाढणारी घुंघुं गिअर न्यूट्रल करूनही तशीच राहिली तर इंजिन संशयातून सुटलं. मोठ्या उजव्या वळणावर गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. घुंघुं तेव्हा वाढत असेल तर संशय डाव्या बेअरिंगवर. डाव्या वळणावर याच्या उलट.

मग तुटका, एका बाजूने खड्डे असलेला सेवारस्ता, ताशी वीसच्या आत. इथे एक चाचणी फार कामाची आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी कांब असते, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी कलू नये म्हणून. ती दोन्ही टोकांना छोट्या लिंक रॉडने अडकवलेली असते. एकच चाक खड्ड्यात गेलं की ही कांब पिळते आणि लिंक रॉडवर ताण येतो. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर ती पिळतच नाही. म्हणून सरळ आडव्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकाच वेळी चढवा. एका बाजूच्या खड्ड्यात ठकठक आणि आडव्या गतिरोधकावर शांतता, तर लिंक रॉड किंवा त्या कांबीचे बुश, म्हणजे तिला धरणारे रबरी तुकडे. दोन्हीकडे ठकठक, तर शॉकअप, त्याचं वरचं माउंट किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश.

पेव्हर ब्लॉकचा पट्टा मिळाला तर सोडू नका. बारीक, झटपट धक्के बसल्यामुळे डॅशबोर्ड, दारांचं प्लास्टिक आणि सीटच्या पट्ट्या तिथे सगळ्यात जास्त बोलतात. उलट खाडीपुलांच्या सांध्यांवर ठरावीक अंतराने येणारी थप-थप सगळ्याच गाड्यांत येते. ती रस्त्याची आहे, तिच्यावर खर्च करू नका.

उड्डाणपुलाच्या कठड्याला लागून, काचा उघड्या ठेवून, सावकाश गेलात तर गाडीच्या खालचा आवाज कठड्यावरून परतून स्वच्छ ऐकू येतो. डावीकडे कठडा असेल तेव्हा डावी बाजू. हे फक्त रिकाम्या रस्त्यावर.

आणि ब्रेक. खडखड चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज बंद झाला तर ब्रेकचे पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सैल आहेत. सस्पेन्शन उघडायची गरज नाही.

उभ्या गाडीतही दोन गोष्टी कळतात. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर सावकाश दाबत जा; ठरावीक वेगावर झिंझिं आली तर ती सायलेन्सरची किंवा इंजिनजवळच्या एखाद्या ब्रॅकेटची. आणि जागेवर स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढच्या बाजूला ‘टॉंग’ करून स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली तर शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकतंय.

हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवा: वेग, रस्ता, वळण, ब्रेक, गाडी थंड की तापलेली. गॅरेजमध्ये ‘डावीकडून आवाज येतो’ याऐवजी ‘डावं चाक एकटं खड्ड्यात गेलं की ठकठक, गतिरोधकावर नाही’ असं सांगितलंत की अर्धं काम झालं. मेकॅनिकला शेजारी बसवून तोच खड्डा दाखवा.

चाकाजवळचे भाग बदलताना

लिंक रॉड हा सस्पेन्शनमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक, आणि आपल्या रस्त्यांवर लवकर जाणारा. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर काही महिन्यांत दुसऱ्या बाजूने तीच तक्रार येते. स्टॅबिलायझर बारचे बुश त्याच वेळी बघून घ्या. रबराचा तुकडा कांबीवर फिरतोय आणि मध्ये फट दिसते, तर तो गेला.

लोअर आर्मचे बुश वेगळ्या जातीचे. त्यांत रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा हे रबर सरकत नाही, पिळतं. इथेच एक चूक फार होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला जातो. गाडी खाली उतरवली की रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हाताने बसवायचा, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या जोराने, आवळायचा. बुश बदलून वर्षाच्या आत पुन्हा आवाज आला तर आधी हाच प्रश्न विचारा. मालाला दोष द्यायचा तो त्यानंतर.

शॉकअप एका धुरीवरचे दोन्ही एकदम बदलतात. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तर तो संपला. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनपेक्षा जास्त वेळा डोलली तरी संपला. पण डोलली नाही म्हणून तो चांगलाच आहे असं मात्र नाही. वरचं रबरी माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या, कारण ते नंतर बदलायचं तर मजुरी पुन्हा तितकीच लागते. शॉकअप, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) निघाला की व्हील अलाइनमेंट करायचीच.

‘अख्खं सस्पेन्शन बदला’ असं ऐकलंत तर गाडी वर घेऊन प्रत्येक जोडात किती प्ले, म्हणजे सैलपणा, आहे ते लांब दांड्याने हलवून दाखवायला सांगा. खरोखर गेलेला बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळ्यावर फिरणारा सांधा) डोळ्यांना हलताना दिसतो. ज्यात प्ले दिसत नाही तो भाग राहू द्या. घरी बघणार असाल तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. खाली भक्कम स्टँड हवाच.

पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात हे खरं. पण ते जास्त कडक असतात, रस्त्याचा थरथराट केबिनमध्ये आणतात आणि ग्रीस सुकलं की स्वतःच कुरकुरतात. शांततेसाठी कंपनीच्या मापाचं रबरच बरं.

डॅशबोर्ड, दारं, सीट

इथे बहुतेक कामं घरी होतात. सामान थोडंच: एक मिलिमीटरचा फेल्ट टेप, दोन-तीन मिलिमीटरचा फोम टेप, वायरिंगला गुंडाळायचा मऊ लोकरीसारखा कापडी टेप, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लास्टिकच्या उचकटण्याच्या पट्ट्या आणि आपल्या मॉडेलच्या डझनभर क्लिप. क्लिप आणताना तुटलेली जुनी सोबत न्या. एक मिलिमीटरच्या फरकानेही नवी बसत नाही.

मागे बसलेल्या माणसाने आता पुढे यायचं आणि गाडी चालू असताना तळहाताने एकेक भाग दाबत जायचं: ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, एसीच्या जाळ्या, मधला पॅनल, काचेलगतची कड. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. शंका असेल तर त्या फटीवर रंगकामाचा कागदी टेप आडवा लावून एक दिवस चालवा. आवाज गेला तरच पॅनल उघडा.

पॅनल सैल करून कड स्वच्छ पुसा आणि जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक चमकदार घासलेलं दिसतं तिथे फेल्टची पट्टी लावा. आतल्या वायरिंगचे कनेक्टर बऱ्याचदा लोंबत असतात. त्यांना कापडी टेप गुंडाळून जवळच्या ब्रॅकेटला बांधा. टिकटिक पंख्याच्या वेगाबरोबर बदलत असेल तर ब्लोअरमध्ये झाडाचं पान किंवा उंदराने नेलेलं काहीतरी अडकलंय; डॅशबोर्ड उघडायची गरज नाही.

एक सावधगिरी. स्टिअरिंग, डावीकडच्या एअरबॅगभोवतीचा डॅशबोर्ड, एअरबॅग असलेल्या सीटच्या कडा आणि पडदा-एअरबॅग असेल तर काचेलगतचे खांब, यांना घरी हात लावू नका. तिथे फोम भरणं तर नाहीच. अपघातात पिशवी उघडायची वाटच अडते.

दारांसाठी कागदाची चाचणी करा. रबरी बीडिंग आणि चौकटीमध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती जरा अडकत यायला हवी. कुठे अलगद निघाली तर तिथे दार दाबून बसत नाही. चौकटीवरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचं कुलूप ज्यात अडकतं ती कडी, किंचित आत सरकवावा लागतो. त्याची जुनी जागा आधी पेन्सिलीने आखून घ्या आणि एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. रबरच कुरकुरत असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, बोटाच्या टोकाने सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि उरलेलं पुसून काढा. बोनेट आणि डिकीला रबरी ठोकळे असतात. अर्धा-एक आटा बाहेर फिरवले की झाकण घट्ट बसतं.

ब्रेक दाबल्यावर दारातून पाण्याची चुळचुळ ऐकू आली तर खालच्या कडेची निचऱ्याची भोकं कचऱ्याने बुजली आहेत. प्लास्टिकच्या केबल टायच्या टोकाने मोकळी करा. हे पुढच्या पावसापर्यंत लांबवलं तर पत्रा आतून सडतो.

‘डब्ल्यूडी-४० मारलं की झालं ना?’

नावातच त्याचं काम आहे: ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं, आणि चाळिसावा फॉर्म्युला. गंजलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम. पण वंगण म्हणून त्याचा थर पातळ असतो, लवकर जातो आणि धूळ धरतो. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून बुशवर ते मारलं की दोन दिवस शांतता मिळते आणि बुशचं आयुष्य कमी होतं. गॅरेजमध्ये जुनं इंजिन ऑइल बुशवर सोडतात, त्याचंही तेच.

रबरावर सिलिकॉन, दाराच्या बिजागऱ्या आणि कुलपांवर पांढरं लिथियम ग्रीस, प्लास्टिक-प्लास्टिकमध्ये फेल्ट. सिलिकॉनचा स्प्रे ब्रेक डिस्कवर, पेडलवर, स्टिअरिंगवर किंवा काचेवर उडू देऊ नका. ज्या पॅनलला लवकरच रंग द्यायचा आहे तिथेही नको. त्यावर रंग धरत नाही, खड्डे पडतात.

सायलेन्सर आणि सीएनजीची टाकी

सायलेन्सरच्या वर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, हीट शील्ड. त्याच्या बोल्टाजवळ गंज लागून भोक मोठं होतं आणि पत्रा झिंझिं करतो. मोठा वॉशर घालून किंवा स्टीलच्या होज क्लॅम्पने तो आवळता येतो. काढून फेकू नका. वरचा गालिचा, वायरी आणि पेट्रोलची टाकी तापण्यापासून तोच वाचवतो. गाडी थंड असताना धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खुळखुळ झाली तर आतली जाळीदार वीट फुटली आहे, आणि तिथे टेप-वॉशरचा इलाज चालत नाही.

डिकीत सीएनजीची पोलादी टाकी बसवलेल्या गाड्या आपल्याकडे भरपूर. टाकी आणि तिच्या पट्ट्यांमधलं रबर झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. दिसलं तरी स्वतः पाना लावू नका. अधिकृत फिटरकडून टाकी उतरवून रबर बदलून घ्या. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी होतात. या वजनाने मागच्या स्प्रिंग खाली बसलेल्या असतात, हेही त्याच वेळी बघा.

‘सगळीकडे डॅम्पिंग शीट लावली तर?’

डॅम्पिंग शीट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याखाली ब्युटाइल रबराचा जाड थर. ती पत्र्याचं झणझणणं कमी करते. सैल क्लिप, गेलेला लिंक रॉड यांच्याशी तिचा संबंध नाही. उलट रस्त्याची घरघर कमी झाली की आतापर्यंत तिच्याखाली झाकलेल्या बारीक टिकटिकी उघड्या पडतात. म्हणून क्रम असा: आधी सैल भाग, मग हवी असेल तर शीट. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला मधोमध लावली तरी बराच फरक पडतो. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, आणि खालची भोकं बुजवायची तर मुळीच नाही.

‘जुनी गाडी, आवाज करणारच. चालवत राहिलं तर?’

ग्लोव्ह बॉक्सची टिकटिक दहा वर्षं ऐकलीत तरी बिघडत नाही. काही आवाज मात्र थांबून बघण्याचे. ब्रेक दाबल्यावर कर्कश किंचाळी आली तर पॅड संपत आले असण्याची शक्यता मोठी. अनेक पॅडांना त्यासाठीच लोखंडी जीभ दिलेली असते. किंचाळीची खरखर झाली की लोखंड डिस्कवर घासतंय. (पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना होणारी खरखर वेगळी. ती डिस्कवरच्या हलक्या गंजाची असते आणि आपोआप जाते.) स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकटकट, तर इंजिनचा जोर चाकाला देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ठक आवाजाबरोबर गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर बॉल जॉइंट. तो निखळला तर चाक कोलमडतं, त्यामुळे त्या गाडीने घाट किंवा हायवे नको. आणि चाक काढून बसवल्यानंतर लगेच सुरू झालेली गडगड म्हणजे आधी व्हील नट आवळा.

टायर

सगळं झाल्यावरही सायन-पनवेल महामार्गाच्या काँक्रीटवर गाडी घुमत असेल तर ते बरेचदा टायरचं काम. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. ‘जरा जास्तच टाका’ असं सांगून पाच-सहा पीएसआय वाढवले की प्रत्येक खडा केबिनमध्ये येतो. मग टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं. हात नक्षीवरून पुढे आणि मागे फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर असमान झिजला आहे, आणि अलाइनमेंट करूनही त्या टायरची घुंघुं जात नाही.